गुरुजीसाठी थांबा लागते

मोठे गुरुजी फोन उचलत नसत. फोन नव्हता असं नाही. शर्टाच्या वरच्या खिशात, खडूच्या तुकड्याशेजारी तो कायम असायचा आणि खडूच्या भुकटीने त्याची काच नेहमी पांढरी झालेली असायची. वाजला की गुरुजी तो बाहेर काढत, कुणाचा आहे ते बघत, वाजून वाजून थांबेपर्यंत हातात धरून ठेवत आणि मग एका बोटाने सावकाश टाईप करत, 'रेंज नाही.' आमच्या गावात रेंज खरोखरच हापशीजवळ आणि शाळेच्या झेंड्याच्या ओट्यावर एवढीच मिळायची, त्यामुळे त्यांचं खोटं खपून जायचं. फक्त हा मेसेज ते बरेचदा त्या ओट्यावर बसूनच पाठवत, हे पलीकडच्याला दिसत नसे.

पांढरकवड्यापासून आत, डांबर संपल्यावर आणखी तीनेक किलोमीटरवर आमची जिल्हा परिषदेची शाळा. दोन खोल्या, दोन शिक्षक, चार वर्ग, एकोणीस मुलं. काही मुलांच्या घरी कोलामी बोलत, काहींच्या घरी वऱ्हाडी, आणि पुस्तक बोलायचं ते तिसरंच काहीतरी. मोठे गुरुजी म्हणजे मुख्याध्यापक. मी नुसती मॅडम. मी यवतमाळजवळच्या लोहाऱ्याची, कारखान्याच्या भोंग्यावर उठणारी-झोपणारी मुलगी. शाळा-कॉलेजात वक्तृत्वाचे बरेच कप मिळवलेले. आईने ते अजून शोकेसमध्ये पुसून ठेवले आहेत. माझा आवाज चांगला आहे हे मला कुणी सांगावं लागत नसे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात या आवाजाचा मोठा वाटा आहे.

हजर झाले त्या दिवशी मी माझी ओळख भलतीच ऐसपैस करून दिली. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतली आणि स्वतःचं नाव सांगायला तोंड उघडलं. शब्द आला नाही. डोळे मिटले, हनुवटी जराशी वर गेली, मानेची शीर ताठ झाली. मला काही ते बघवेना. मी घाईघाईने म्हटलं, "राहू द्या सर, ऑर्डरवर वाचलंय मी तुमचं नाव." गुरुजींनी तोंड मिटलं आणि मान डोलावली. अडखळणाऱ्या माणसाचं वाक्य आपण पुरं करून दिलं की त्याच्यावर उपकार होतात, असं मला तेव्हा वाटायचं.

हजेरी ते डोळ्यांनी घेत. दारात उभे राहून एकदा डावीकडून उजवीकडे बघत आणि पटावर खुणा करत. एकोणीस नावं पुकारायचं संकट त्यांनी असं टाळलं होतं. सूचना द्यायची असली की फळ्यावर लिहीत. अक्षर इतकं सुबक, की पुसायचं मन होत नसे. खिचडी शिजवणाऱ्या बाईंशी त्यांचा सगळा व्यवहार हाताच्या खुणांनी चाले आणि तो माझ्या बडबडीपेक्षा लवकर उरकायचा. गावातच एका कापूसवाल्याच्या घरामागच्या खोलीत ते राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलती मुलगी लग्न होऊन हैदराबादला. संध्याकाळी पाच वाजता मी स्कूटीला किल्ली लावली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत त्यांच्याशी बोलायला कुणी नसायचं, आणि त्यांनाही कुणाशी बोलावं लागायचं नाही. पांढरकवड्याच्या माझ्या भाड्याच्या खोलीत माझीही संध्याकाळ हायवेवरचे ट्रक मोजण्यात जायची. पण मी निदान आईला फोन लावून भांडू तरी शकत होते.

एकदा मधल्या सुट्टीत त्यांचा फोन वाजला. काचेवर मुलीचा फोटो. मी म्हटलं, "घ्या ना सर, ताईंचा आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं आणि नुसतं "ह... ह..." झालं. हॅलो हाच शब्द त्यांना सगळ्यात जड जायचा. समोर माणूस असला की त्याला निदान दिसतं, हा बोलायच्या खटपटीत आहे. फोनमधून नुसती शांतता जाते, आणि पलीकडचा दोनदा हॅलो हॅलो करून ठेवून देतो. फोन थांबल्यावर गुरुजींनी टाईप केलं, 'रेंज नाही बेटा. बरा आहे.' मग डबा उघडून जेवायला बसले.

असा हा माणूस वाचनाचा तास मात्र दुसऱ्या कुणाला देत नसे. ते एक ओळ वाचत, मुलं मागून म्हणत. प, क, ब असल्या अक्षराने सुरू होणारा शब्द आला की गुरुजी हमखास अडत. पाखरू म्हणा, कापूस म्हणा, बैल म्हणा. वर्ग गप्प होई. कुणी हसत नसे, कुणी चुळबुळ करत नसे. मग कुणी खूण न करता सगळी मुलं एकदम तो शब्द म्हणत आणि त्यांच्या आवाजाबरोबर गुरुजींचाही शब्द सुटे. मी शेजारच्या खोलीतून ऐकायची आणि माझा जीव वरखाली व्हायचा. एकदा धीर करून विचारलं, की यात धडा फार मागे नाही का पडत? गुरुजी म्हणाले, "घाई कायची मॅडम? शब्द कुठं प... पळून चालला?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. प्रत्येक वेळी ते त्याच जागी अडत आणि तरी तेच उत्तर देत.

परिपाठाला मुलांबरोबर प्रतिज्ञा म्हणताना मात्र ते एकदाही अडत नसत. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत खणखणीत. हे मी रोज ऐकत होते, पण त्यावर क्षणभर विचार करावा असं मला कधी सुचलं नाही.

जुलैमध्ये एका संस्थेने शाळेला टॅब दिला. मुलाने उतारा वाचायचा, टॅबने ऐकायचा, आणि मिनिटाला किती शब्द नीट आले ते सांगून तारे द्यायचे. वाचलेलं सगळं त्यात साठून राहायचं आणि अहवाल आपोआप केंद्रप्रमुख साहेबांकडे जायचा. मी हरखूनच गेले. गुरुजींनी टॅब हातात घेऊन उलटापालटा केला, रुमालाने पुसला आणि कपाटात ठेवून किल्ली स्वतःकडे घेतली. पहिला अहवाल आला तेव्हा आमची शाळा केंद्रात तळाला होती. मुलांना अक्षरं येत होती, जोडाक्षरंही येत होती, तरी एकाही मुलाचं वाचन वाहत नव्हतं.

एका दुपारी मी सगळ्यांचं वाचन एकामागोमाग एक ऐकलं. सहाव्या-सातव्या मुलाला माझ्या लक्षात आलं आणि मी पुन्हा पहिल्यापासून लावलं. सगळी मुलं एकाच ठिकाणी थांबत होती. पाखरूच्या आधी, कापसाच्या आधी, बैलाच्या आधी. एकोणीस मुलं, आणि थांबे तेच. गुरुजींचं अडखळणं मुलांनी जसंच्या तसं उचललं होतं.

मी काय करायला हवं होतं ते आज कळतं. मी तेव्हा केलं ते असं, की सापडलेल्या गोष्टीच्या आनंदात टॅब घेऊन सरळ त्यांच्या टेबलाशी गेले. मन दुखवायचा हेतू नव्हता. उलट मी फार गोड शब्द निवडले होते. त्यांना काही सांगण्याऐवजी मी नुसतं ऐकवलं. एक मूल, दुसरं, तिसरं. गुरुजी टेबलावर दोन्ही हात ठेवून ऐकत होते. मी मध्येच बंद करायला गेले तर त्यांनी हाताने 'चालू द्या' अशी खूण केली. एकोणीसच्या एकोणीस मुलं ऐकली. मग म्हणाले, "बरोबर हाय तुमचं." या वाक्यात ते अडले नाहीत, म्हणून ते मला नीट आठवतं.

टॅबमध्ये 'सोबत वाचू या' असा एक भाग होता. शिक्षकाने धडा आपल्या आवाजात भरायचा, मग आवाज वाचत जातो तसा एकेक शब्द पिवळा होत जातो आणि मुलांनी बरोबरीने वाचायचं. मी बालभारतीचे सगळे धडे भरले. वक्तृत्वाचे सगळे कप त्या आवाजात वाजत होते म्हणा ना. वाचनाच्या तासाला गुरुजी स्वतः कपाट उघडत, टॅब स्पीकरला जोडत, माझा आवाज लावून देत आणि मागच्या भिंतीला टेकून उभे राहत. दिवाळीपर्यंत मुलं भराभर वाचू लागली. अडखळत वाचणारी पोरं गोष्टीत हसायच्या जागी हसू लागली, म्हणजे अर्थ पोचत होता. हे मी माझी बाजू राखायला सांगत नाही. ते खरंच झालं, आणि गुरुजींनाच त्याचा सगळ्यात जास्त आनंद झाला. अहवालाचा कागद त्यांनी स्वतः भिंतीवर चिकटवला. मात्र त्या शाळेत त्यांचा आवाज आता फक्त प्रतिज्ञेपुरता उरला होता.

डिसेंबरात एक मुलगी मात्र पुन्हा मागे पडलेली दिसली. तिसरीतली पायल. स्पीकरबरोबर नीट वाचायची, एकटी वाचायला बसवली की परत त्याच जागी थांबायची. मी जरा वैतागून विचारलं, "तुला शब्द येतो ना? मग काहून थांबतेस?" तिने माझ्याकडे असं बघितलं, की मॅडमला एवढंही कळत नाही का.

"तिथं गुरुजीसाठी थांबा लागते ना मॅडम," ती म्हणाली. "आपण पुढं निंगून गेलो तं थे मांगं एकलेच राह्यतेत."

मी पुस्तक मिटलं. म्हणजे मुलांनी अडखळणं उचललं नव्हतं. त्यांना शब्द आधीच येत होता आणि ती थांबत होती. एकोणीस मुलं रोज एका माणसासाठी थांबत होती, आणि तीच सवय होऊन एकट्याच्या वाचनातही उतरली होती. मी ती चूक समजून काढून टाकली. त्याच दिवशी मी गुरुजींना म्हटलं, उद्यापासून तुम्हीच वाचा सर. त्यांनी मान हलवली. "प... पोरं आता चांगले वाचून राह्यले. मी म... मधात कायले येऊ?"

जानेवारीत केंद्रप्रमुख साहेबांचा मला फोन आला. पट एकोणीसचा आणि टॅबवर वीस मुलं कशी, खोटी पटसंख्या दाखवता का, असं बरंच सुनावलं त्यांनी. मी टॅब उघडला. विसावा विद्यार्थी खरंच होता. नाव बाळू, इयत्ता दुसरी. ऑक्टोबरपासून एक दिवस न चुकता वाचत होता. वेळ रोजची सव्वापाच ते सहा. म्हणजे माझी स्कूटी गावाबाहेर पडल्यावरची. मी एक वाचन लावलं. आधी माझा आवाज आला, आणि त्याच्या खाली, त्याला अगदी लगटून, दुसरा एक जाडसर, वयस्क आवाज. पाखरू आलं, कापूस आला, बैल आला. तो आवाज कुठेच अडला नाही.

मला परिपाठ आठवला. बरोबरीने कुणी म्हणत असलं की गुरुजींचा शब्द सुटत होता, आणि माझ्या आवाजाबरोबरही सुटत होता. रिकाम्या शाळेत, दार लोटून, हा माणूस रोज दुसरीचं पुस्तक घेऊन माझ्या आवाजाबरोबर वाचायला बसत होता.

धड्यांनंतर काही वाचनं अशी होती, की त्यांना धडाच नव्हता. टॅबमधला मोकळा उतारा असतो ना, आपल्याला हवं ते वाचायचा, तिथे ती भरलेली होती. त्यात माझा आवाज नव्हता. बाळू एकटाच होता. "ह... ह... हॅलो ब... ब..." मग शांतता. परत पहिल्यापासून. कितीतरी दिवसांची अशी वाचनं होती, आणि एकाही दिवशी वाक्य शेवटाला गेलं नव्हतं. टॅबने त्याला इमानाने दर वेळी एक तारा देऊन 'पुन्हा प्रयत्न कर' असं लिहिलं होतं. मी वऱ्हांड्यात बसून रडले. गुरुजी तेव्हा पलीकडच्या खोलीत चौथीला भागाकार शिकवत होते, फळ्यावर.

केंद्रप्रमुख साहेबांना मी सांगितलं की चुकून एक नाव दोनदा पडलंय, दुरुस्त करते. ते मी केलं नाही. त्याऐवजी दुसरीच्या धड्यांत शेवटी एक नवा धडा भरला. एकाच वाक्याचा. "हॅलो बेटा, मी बाबा बोलतोय. कशी आहेस?" आवाजात यावेळी कप नव्हते. दुसऱ्या दिवशी बघितलं तर बाळूने तो धडा इतक्या वेळा वाचला होता, की मोजायचं मी सोडून दिलं. त्या दिवशी गुरुजींनी माझ्या टेबलावर चार बोरं आणून ठेवली.

फेब्रुवारीअखेर ते निवृत्त झाले. मुलगी आणि जावई गाडी घेऊन आले होते. आता हैदराबादलाच न्यायचं ठरलं होतं. शाल-नारळ झाला. भाषण गुरुजींनी फळ्यावर लिहिलं: 'सर्वांनी सावकाश मोठे व्हा.' सामान गाडीत चढत होतं तेव्हा मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, की या महिन्यात एक नवल झालं. एका रविवारी बाबांनी चक्क फोन उचलला.

"इतकं सफाईनं बोलले मॅडम, हॅलो बेटा, मी बाबा बोलतोय. मले वाटलं फोन कोणी चोरून नेला. मी म्हटलं, तुमी कोण आहे? माह्या बाबाले फोन द्या."

मी विचारलं, मग?

"मंग काहीच नाही. लय वेळ नुसतं शांत. आन् मंग ब... ब... असं आलं. तवा मी ओळखलं. रडालेच लागली मी."

आता दर रविवारी बोलतात, ती म्हणाली. अडत अडत. ती थांबते. मी हो हो म्हणत राहिले. मला मात्र एकच दिसत होतं. चार महिने रिकाम्या खोलीत बसून त्या माणसाने जे मिळवलं, ते पहिल्यांदा वापरलं आणि पोटच्या पोरीने त्याला परका ठरवलं. ते वाक्य माझ्या आवाजातलं होतं.

गाडी सुरू झाली. गुरुजी एक पाय आत टाकून थांबले, वळले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, तुमी प... प..."

डोळे मिटले, हनुवटी वर गेली. सगळी मुलं गप्प झाली. पायल माझ्या शेजारी उभी होती, तीही. मी या खेपेला त्यांचं वाक्य पुरं करायला गेले नाही. आम्ही सगळे थांबलो. पण पुस्तकात पुढचा शब्द सगळ्यांच्या समोर छापलेला असतो. इथे पुस्तक नव्हतं. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. कुणालाच तो शब्द माहीत नव्हता. गुरुजींचा हात वरच्या खिशाकडे गेला. खडू तिथे नव्हता, शाळेचा चार्ज माझ्याकडे देताना तो त्यांनी माझ्या टेबलावर काढून ठेवला होता. त्यांनी डोळे उघडून आमच्याकडे बघितलं, कुणीतरी म्हणेल म्हणून. मग थोडं हसले, पायलच्या डोक्यावर हात ठेवला आणि गाडीत बसले.

त्यांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. चारही वर्ग माझ्याकडेच आहेत. टॅबवर बाळू अजून दुसरीत आहे, आणि त्याच्या नावापुढे लाल अक्षरांत 'बरेच दिवस वाचन नाही' असं येतं. शाळा सुटल्यावर कधी कधी मी खोलीत एकटी बसते आणि तो शब्द शोधते. परत या? पोरं सांभाळा? पुढं चला? वाईट दिवशी वाटतं, तो नुसता 'पण' असावा.

परवा राहवलं नाही. त्यांना मेसेज केला, 'सर, त्या दिवशी तुम्हाला काय म्हणायचं होतं?' लगेच वाचल्याची निळी खूण आली. मग 'टाईप करत आहे' असं दिसलं. ते थांबलं. पुन्हा दिसलं, पुन्हा थांबलं. झेंड्याच्या ओट्यावर बसून मी थांबले. बऱ्याच वेळाने हैदराबादहून उत्तर आलं.

'रेंज नाही, मॅडम.'